बसल्याबिगर पाणी नाही

गयाकाकूंच्या हातून उभ्याने कुणाला पाणी मिळत नसे. तहानेने जीव चालला असला तरी आधी पोत्यावर बसायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि गाव सांगायचं. मग ओंजळीत पाणी.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. मानवतच्या मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर महिला मंडळातर्फे गयाकाकू धरून आम्ही चौघींनी पाणपोई घातली होती. तिघींनी घागरी वाहायच्या, काकूंनी पाणी वाढायचं.

"काकू, रांग वाढली. जरा हात उचला."

"वाढू दे. उभ्यानं बैल पितेत."

मग चौकशी सुरू. "चारठाण्याचा का? भावाचं लगीन झालं का?" एकदा एक गाडीवान गूळ चघळत लग्नाची हकीकत सांगत बसला आणि त्याचे बैल गाडी घेऊन एकटेच गावाकडे निघाले.

त्या काळी परवानगीशिवाय माणसं जमवायची बंदी होती. कुणीतरी ठाण्यात कळवलं, की इथे रोज माणसं बसतात आणि एक म्हातारी सगळ्यांची गावं विचारते. भर दुपारी ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब, शिपायाला घेऊन घोड्यावरून आले.

"ये मजमा किसकी इजाजत से? बंद करो!"

आमच्यातली कौसल्या रांजणामागे गेली. उन्हाळाभराची मेहनत बुडाली, असं मी धरून चालले. तेवढ्यात साहेबांनी घसा खाकरला. "पहले पानी दो."

"बसा आधी."

"क्या?"

"बसा म्हणलं. उन्हातून आलाव, उभ्यानं पाणी बाधतंय."

शिपाई जमिनीकडे बघू लागला. अमीनसाहेब पोत्यावर बसले. हातावर गूळ पडला.

"गाव कोणतं?"

"बीदर."

"लय लांब की. घरी कोण हाय?"

"अम्मा."

"पोरगं जेवलं का न्हाई, हे कळतं का तिला?"

साहेबांनी ओंजळ धरली, पाणी प्याले. पुन्हा ओंजळ पुढे केली.

निघताना शिपायाने आठवण करून दिली, "हुजूर, वो मजमा..."

"किधर का मजमा? प्यासे लोगां हैं."

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून आम्हाला नवा कोरा रांजण मिळाला. तो आम्ही चौघींनी मुद्दाम बाजारातून मिरवत आणला. कौसल्या सगळ्यांत पुढे.

उन्हाळा सरला, पाणपोई उठली. काकूंचा तांब्या द्यायला मी त्यांच्या घरी गेले. त्या एकट्याच राहायच्या. आत मी कधी गेले नव्हते. उंबऱ्याच्या आत दोन पाट मांडलेले.

"कुणी यायचंय का?"

"न्हाई. मांडून ठेवते."

त्यांनी गूळपाणी आणलं. घरी माझी डाळ चुलीवर होती, तरी बसले.

"गाव कोणतं?" सवयीने त्या विचारून गेल्या आणि ओशाळल्या.

"मानवत," मी म्हटलं. "पण माहेर पालमचं." आणि नीट मांडी घालून पहिल्यापासून सांगायला घेतलं.