दोनशे बारा स्थळं, एकच नंबर

जगातले निम्मे प्रोग्रॅमर मुंगी मारायला जेसीबी आणतात, असं अनेकांत नावाच्या तरुणाचं ठाम मत होतं. राजारामपुरीतल्या घरात बसून तो वेबसाइटी बनवायचा, पण कशा? हलक्याफुलक्या! अंबूबाईंच्या वधूवर सूचक केंद्राची वेबसाइटही त्यानं साध्या जावास्क्रिप्टवर उभी केली. वेबपानं लिहायच्या एचटीएमएल भाषेत नसलेला एक नवा टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, स्वतःच घडवला आणि त्याचं नाव ठेवलं 'स्थळ-कार्ड'.

"अंबूबाई, हा टॅग लिहायचा, त्यात नाव, शिक्षण, फोटो, अपेक्षा, मोबाईल भरायचा, की कार्ड तयार! स्थळं दोनशे असू देत नाहीतर दोन हजार, साचा एकच. चुकायला जागाच न्हाय!"

अंबूबाई निवृत्त शिक्षिका. अनेकांतनं दिलेल्या नमुन्याच्या कागदावर जसं होतं तसंच, काना-मात्रा न चुकता, त्यांनी दोनशे बारा वेळा भरलं.

चूक त्या कागदातच होती! कागदावर 'मोबाईल' होतं. पण शेवटच्या दिवशी अनेकांतला काय सुचलं कुणास ठाऊक, कोडमध्ये त्यानं त्या रकान्याचं नाव बदलून 'फोन' केलं आणि कागद बदलायचा विसरला. आता ब्राउझर हा प्राणी भलता सोशिक. अनोळखी रकाना दिसला तरी तो ओरडत नाही, मुकाट पुढं जातो. कार्डाला 'फोन' काही सापडेना, आणि तो सापडला नाही तर चाचणीपुरता घातलेला एक नंबर दाखवायचा अशी सोय होती. तो नंबर होता अनेकांतचा स्वतःचा!

त्यानं तपासलं नाही असं नाही. आईनं त्याचंही स्थळ नोंदवलं होतं. तेवढं एक कार्ड त्यानं उघडून बघितलं. नंबर बरोबर! लॅपटॉप मिटला.

पुढं दीड महिना रोज वीस-पंचवीस अनोळखी फोन येत राहिले. कर्ज विकणारे असतील, असं समजून तो एकेक कापत राहिला.

एका रविवारी तो आंघोळीला गेलेला असताना फोन वाजला आणि आईनं, म्हणजे चंदनाबाईंनी, उचलला.

"आमी इचलकरंजीचं. स्थळाबद्दल बोलायचं हुतं!" पलीकडून दणदणीत आवाज आला.

लेकासाठी दोन वर्षं वाट बघणाऱ्या चंदनाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. "या की! आजच या!" म्हणत त्यांनी पत्ताही देऊन टाकला.

तीनच्या ठोक्याला इचलकरंजीचे नेमिनाथअण्णा हजर! सोबत बहीण बयाबाई आणि मुलगा अभिनंदन. अण्णांचं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचा 'जय जिनेंद्र' ऐकून शेजारच्यांनी दार उघडलं.

"आमचं लेकरू लई गुणाचं," चंदनाबाई सुरू झाल्या. "घरातनंच कम्प्युटरवर काम करतंय. मान वर करून बोलत न्हाय."

"असंच पायजे हुतं!" अण्णा खूश.

"आजचं पोहं बी त्यानंच केल्यात."

"मग बोलवा की भाईर!"

अनेकांत ट्रे घेऊन बाहेर आला. कांदा न घातलेले कांदेपोहे पाहुण्यांनी घेतले आणि नजरा पुन्हा आतल्या दाराच्या पडद्यावर लावल्या. अभिनंदननं कॉलर सारखी केली. पाच मिनिटं गेली. पडदा हलला. पंख्यानं!

"मग बोलवताय न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"कुणाला? हे काय, समोर उभं हाय की!"

अण्णांचा चमचा हवेतच राहिला. त्यांनी अनेकांतला मिशीसकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अक्का, आमच्यात बी पोरगाच हाय की ओ!"

"मग पोरगी कुठाय?"

"तेच इचारतोय आमी!"

अभिनंदननं मोबाईल पुढं केला. रुचिता, एम.एस्सी., आणि खाली अनेकांतचा नंबर. अनेकांतनं खालचं कार्ड बघितलं. त्याच्या खालचं बघितलं. सगळीकडं तोच नंबर! दीड महिना तो जे फोन कापत होता, त्या प्रत्येकामागं घसा खाकरून बसलेला कुणाचा तरी बाप होता.

"दुरुस्त कराय किती येळ लागंल?" बयाबाईंनी विचारलं.

"एक शब्द बदलायचाय."

"आनि त्या पोरीला काय सांगणार?"

उत्तर अण्णांनीच दिलं. "गाडीत बसा. तुमच्या तोंडानं सांगा."

अंबूबाईंकडून रुचिताचा खरा नंबर घेऊन, आधी कळवून, सगळे तिच्या गावी कुरुंदवाडला पोचले. रुचिता दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्हाला कुणी नको म्हणत नव्हतं?"

"नव्हतं," अनेकांत पुटपुटला.

"फोन येईना म्हणून आईनं माझा दोनदा नवा फोटो काढला. तरी येईना. 'लग्नानंतर नोकरी सोडणार नाही' अशी माझ्या कार्डावर एक ओळ हुती. शेवटी ती मीच काढायला लावली."

तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. अनेकांतच्या मनात आलं, आपण फक्त एक शब्द चुकलो होतो. त्या एका शब्दापायी या पोरीनं आपलं अख्खं वाक्य खोडलं.

"ती ओळ परत घालू?" त्यानं विचारलं.

"घाला."

"घाला की," अभिनंदन मध्येच बोलला. "मला ती वाचायला आवडली असती."

रुचितानं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. मग दोघं परसात जाऊन तासभर बोलत बसली, आणि पुढच्या रविवारी भेटायचं ठरवूनच उठली.

दुसऱ्या दिवसापासून अनेकांतनं कापलेला एकेक नंबर लावून माफी मागायला सुरुवात केली. चंदनाबाई शेजारी कान देऊन. त्रेचाळिसावा फोन शिरोळकडच्या एका गृहस्थांना लागला.

"चूक कबूल करणारं पोरगं हल्ली कुठं मिळतंय!" ते गहिवरले. "लग्न झालंय का तुमचं?"

"न्हाय!" चंदनाबाईच ओरडल्या.

"आमची धाकटी हाय लग्नाची. करता काय तुम्ही?"

"वेबसाइट बनवतो."

"हीच?"

"हो."

"मग राहू द्या."