काटकसरीच्या पट्ट्या

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा मोठ्या सिस्टर दवाखान्यामागच्या अंगणात पट्ट्या वाळत घालत होत्या. वापरलेली पट्टी उकळायची, वाळवायची, दांडीवर गुंडाळून पुन्हा कपाटात ठेवायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. त्या काळी फेकून देण्यासारखं कुणाकडेच फारसं नव्हतं. आता सगळं हाताशी आहे, तरी त्या दोरीवरच्या पांढऱ्या पट्ट्या आठवल्या की जीव हळहळतो.

"सिस्टर, तुमच्या काटकसरीचं कौतुक केलंय," कंपाउंडर पत्र वाचत म्हणाला.

"मग तोंड का पाडलंयस?"

"पुढे लिहिलंय, पट्ट्यांचा निधी दोन वर्षं शिल्लक राहतोय, त्याअर्थी इथे पेशंट नाहीत. पुढच्या वर्षीपासून दवाखाना आठवड्यातून तीनच दिवस. गुरुवारी साहेब कपाट तपासायला येतायत."

सिस्टर पायरीवर मटकन बसल्या. उरलेल्या दिवशी म्हाताऱ्यांनी पडायचं नाही आणि पोरांना ताप यायचा नाही, असंच झालं ते. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

डॉक्टर बिचारे साधे, त्यांना खोटं बोलता येत नसे. कंपाउंडरला येत असे. "कपाट रिकामं करायचं," तो म्हणाला. "येईल त्याला पट्टी."

दुसऱ्या दिवशी शिंपी खोकल्याचं औषध न्यायला आला, तर सिस्टरांनी त्याच्या गळ्याभोवती पट्टी गुंडाळली.

"अहो, मला खोकला झालाय."

"म्हणूनच. बोलू नका."

पोटदुखीच्या आजींचं मनगट बांधताना मात्र सिस्टरांना राहवलं नाही, त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. आजींनी मुकाट्याने दुसरा हात पुढे केला. मग काय, तासाभरात गल्लीभर बातमी. पोस्टमनने आपणहून गुडघा आणला. मास्तरांनी पट्टी डोक्याला मागून घेतली, त्यांना ती भारदस्त वाटत होती. तेव्हा माणसं अशी होती, दवाखाना आपला म्हटला की आपलाच. बुधवारी संध्याकाळी कपाट लख्ख रिकामं झालं.

गुरुवारी साहेब आले ते चालतच, कारण गल्लीतल्या खड्ड्यांपुढे गाडीने हात टेकले होते. वाटेत आजी भेटल्या, शिंपी भेटला, लंगडायची उगाच हौस आलेला पोस्टमन भेटला. दवाखान्यात पोचेपर्यंत साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. कपाटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"या लोकांना झालंय काय?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"हे रोजचंच, साहेब," कंपाउंडर म्हणाला.

"लक्षात आलं माझ्या," असं म्हणून साहेब तरातरा बाहेर पडले आणि पहिल्याच खड्ड्यात आडवे झाले. कोपरातून रक्त आलं. सिस्टर धावत कपाटाशी गेल्या आणि तिथेच थिजल्या. एकही पट्टी उरली नव्हती. शेवटी गल्लीतून धावत आलेल्या शिंप्याने आपल्या गळ्याची सोडून दिली.

महिन्याने निकाल आला. साहेबांनी लिहिलं होतं, दवाखान्याचं काम उत्तम, रस्ता मात्र जीवघेणा. गावच्या रस्त्याला आणि दवाखान्याला पैसा कार्यालयाच्या एकाच तिजोरीतून, त्यामुळे सगळा पैसा रस्त्याला गेला आणि दवाखान्याचे तीन दिवस झाले ते झालेच. त्या रात्री सिस्टर जेवल्या नाहीत. कंपाउंडर तर आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

रस्ता झाला, आरशासारखा. जन्मभर खड्डे चुकवत चाललेली माणसं त्यावर हात सोडून सायकली हाणू लागली. पहिल्याच आठवड्यात सात जण पडले, महिन्यात चाळीस. दवाखान्याबाहेर रांग लागली, तीन दिवस पुरेनात. कार्यालयाने निमूटपणे सहाही दिवस परत दिले आणि पट्ट्यांचा निधी दुप्पट केला.

"सिस्टर, जरा हळू," टेबलावर पाय ठेवून पोस्टमन कळवळला. "या वेळी खरंच लागलंय."

"दिसतंय मला," सिस्टर मायेने पट्टी गुंडाळत म्हणाल्या. "सायकल सावकाश चालवत जा रे बाबा." मग दाराबाहेरच्या रांगेकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे, अगदीच सावकाश नको."