शांतोबा निवृत्त होतो

शांतोबाने सकाळी स्वतःला निवृत्त केलं आणि तो चहा प्यायला खाली गेला.

त्याची कंपनी पगारांची. म्हणजे दुसऱ्यांच्या पगारांची. कुठले कुठले कारखाने, दवाखाने, दुकानं; त्या सगळ्यांच्या माणसांच्या नेमणुका, रजा, बढत्या आणि निरोप या एका इमारतीतून होत. नवीन सोय चालू करण्याआधी ती तपासून बघायची, पण गिऱ्हाइकाच्या माणसाला हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. म्हणून जो तो स्वतःवरच प्रयोग करी. सरावाच्या खिडकीत मजल्यावरच्या प्रत्येकाची कुठे ना कुठे बदली झाली होती, आणि हिशेबातल्या एका ब्रह्मचारी गृहस्थांना जुळं झालं होतं.

सरावाची खिडकी पिवळी, खरी पांढरी. त्या सकाळी निवृत्तीची सोय तपासताना शांतोबासमोर दोन्ही उघड्या होत्या आणि त्याचं लक्ष तिसरीकडेच होतं. शांतोबा हे त्याचं ऑफिसातलं नाव. मदतकेंद्रावर समोरचा कितीही पेटला तरी याचा सूर ढळत नसे. आज मात्र तो दर मिनिटाला मोबाइल उलटा करत होता, सुलटा करत होता.

कारण घर. महिनाअखेरीला राहती जागा सोडायची होती. बायकोने कालच एक घर पसंत केलं होतं, दोन्ही बाजूंनी उजेड असलेलं. घरमालकीण काकूंनी फक्त बायकोला पाहिलं होतं. नवऱ्याची चौकशी त्या आज कंपनीत फोन करून करणार होत्या.

"काकू नाही म्हणाल्या तर माझ्या आईकडे राहायचं," बायकोने बजावलं होतं. "आणि आई तुला रोज पहाटे फिरायला नेणार."

चहा पिऊन शांतोबा परत आला आणि त्याने दारावर कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुसून टेकवलं, उलटं टेकवलं. लालच.

"तुमचं नाव गेलंय साहेब," रोज सलाम ठोकणारा वॉचमन पडद्याकडे बघत म्हणाला. "निवृत्त दाखवतंय. बसा, पाहुण्यांची खुर्ची आहे."

शांतोबाला सकाळचं बटण आठवलं. पांढरी! आपण पांढऱ्या खिडकीत बटण दाबलं! त्याने घाईघाईने मदतकेंद्राला फोन लावला. फोन उचलला त्याच्याच शेजारच्या टेबलावरच्या बोलकीने. हेही ऑफिसातलंच नाव.

"नमस्कार. आपली अडचण आम्ही समजू शकतो."

"अगं, मी बोलतोय! मी खाली अडकलोय!"

"निवृत्तीबद्दल हार्दिक अभिनंदन. पुढील आयुष्य सुखाचं जावो."

"बोलके, माझा आवाज ओळखत नाहीस?"

बोलकीने आवाज खाली आणला. "ओळखते हो. पण कॉल रेकॉर्ड होतोय. लिहिलेलंच बोलायचं, आणि ही वाक्यं तुम्हीच लिहिलीत. समोरचा रडला तरी सोडायची नाहीत, असं वर बजावलंत."

शांतोबाला स्वतःच्या प्रत्येक वाक्याचा मनापासून संताप आला. इतकी वर्षं लोक फोन का आपटतात, हे त्याला आत्ता कळलं.

"बरं, माझी चौकशी करायला कुणाचा फोन?"

"आला होता ना, एका काकूंचा. मी सांगितलं, सन्मानाने निवृत्त."

शांतोबा पाहुण्यांच्या खुर्चीत मटकन बसला. त्याला पहाटेचा रस्ता आणि पुढे तरातरा चालणाऱ्या सासूबाई दिसू लागल्या.

एवढ्यात लिफ्टमधून मोठे साहेब उतरले, हातात पुष्पगुच्छ. कुणी निवृत्त झालं की सिस्टीम साहेबांना कळवते, आणि साहेब कळवलेलं सगळं करतात.

"आपण कंपनीला आयुष्य दिलंत," त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, मी चौतीस वर्षांचा आहे."

साहेबांनी प्रथमच मान वर करून नीट पाहिलं. "खरंच की. मी म्हणणारच होतो, प्रकृती छान राखलीत."

प्रकार कळल्यावर साहेब गंभीर झाले. वॉचमनच्याच टेबलावर बसून त्यांनी वर चार फोन केले. निवृत्ती मागे घ्यायचं बटणच नव्हतं. ते तपासायचं काम पुढच्या आठवड्यात होतं आणि तेही शांतोबाकडेच. शेवटी एक वाट सापडली: निवृत्त माणसाला पुन्हा कामावर घेणे. साहेबांनी मंजुरी दिली. दिवा हिरवा झाला. शांतोबा जिन्याने धावत वर गेला, लिफ्टची वाट बघण्याइतका धीर त्याला नव्हता.

पोहोचतो तोच बायकोचा फोन.

"घर मिळालं! काकू जाम खूश आहेत. म्हणाल्या, निवृत्त माणूस बरा, घरात शांतता राहते. नोकरीवाले म्हणे सारखे दारं आपटतात."

"तू सांगितलं नाहीस मी किती वर्षांचा आहे ते?"

"मला कुणी विचारलं नाही. तुला घर हवंय ना?"

शांतोबाने फोन ठेवून बोलकीकडे पाहिलं. "त्या काकूंना आता काही कळवू नकोस हं."

"कळवायला कशाला हवं? नोंद बदलली की चौकशी करणाऱ्याला संदेश आपोआप जातो. गेलासुद्धा!" बोलकी अभिमानाने म्हणाली.

त्याचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. त्याने तो कानाला लावला आणि डोळे मिटले. घर गेलंच होतं, आता फक्त ऐकून घ्यायचं होतं.

"मी घरमालकीण बोलतेय," पलीकडून काकूंचा आवाज आला. "आत्ता मेसेज वाचला. निवृत्त झालात आणि त्याच दिवशी पुन्हा नोकरी धरलीत? एवढी ओढाताण आहे घरी?"

"नाही काकू, म्हणजे..."

"काही सांगू नका. मला कळतं. बायको एवढी लहान केलीत, तिचं सगळं करायचं म्हणजे या वयात राबावंच लागणार. डिपॉझिटचं राहू दे. संध्याकाळी किल्ली घेऊन जा."

शांतोबाने डोळे उघडले.

"आणि सामान तुम्ही उचलायचं नाही," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा उचलेल. तुमच्यापेक्षा तरुण आहे, पन्नाशीचा."