देवतळ्यांच्या घरचा भोंगा

"मिस्तरी कशाले पाहिजे?" नीलकंठराव देवतळे म्हणाले. "चार स्क्रू अन् दोन वायरी. घरची इस्त्री कोणी दुरुस्त केली होती?"

"तुम्हीच," मीरा म्हणाली. "तवापासून कपडे धोब्याकडे देऊन राहिलो न आपण."

नीलकंठरावांनी हे ऐकलं नाही. स्वतःबद्दलचं वाईट त्यांना सहसा ऐकूच येत नसे.

चोरांचा अलार्म घरी बसवायचा, आणि तोही स्वतःच्या हातानं, हे त्यांनी ठरवलं होतं आणि त्याला तसंच कारण होतं. वर्षभरापूर्वी मीराचे वडील गेले, तेव्हा दोघं तेरवीसाठी नागपूरला गेले होते. परत येऊन पाहतात तर रायपूरच्या चौबे कॉलनीतलं त्यांचं घर चोरांनी आदल्याच रात्री धुऊन नेलेलं. टीव्ही गेला, मिक्सर गेला, न्हाणीघरातला पितळी नळसुद्धा गेला. रायपूर राजधानी झाली तसं सगळंच वाढलं, मग चोरांनीच का मागं राहावं, असं म्हणून शेजारी चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून नीलकंठरावांनी एक रात्रही घर सोडलं नव्हतं.

आणि आता मीराच्या धाकट्या बहिणीचं, देवश्रीचं, लग्न नागपूरला ठरलं होतं. वडील नाहीत, भाऊ नाही. कन्यादानाला मीरा आणि नीलकंठरावांनी जोडीनं बसायचं असं सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं.

"बायको नसली तं माणूस कमरेले सुपारी खोचून बसते पूजेले," मीरानं बजावलं. "नवरा नसला तं बाईले तशी सोय नाही. तुम्ही यायचंच."

"येतो न. म्हणून तर अलार्म आणून राहिलो."

बूढापारा भागात भैय्यालालचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्यानं आधी दारावर बसवायचा अलार्म दाखवला. तो नीलकंठरावांना फारच गरीब वाटला. मग त्यानं भिंतीवरचा काढला. त्याच्या डोळ्यासमोर कोणी हललं की अर्ध्या मिनिटानं बाहेरचा भोंगा सुरू.

"ये ले जाओ साहब," भैय्यालाल म्हणाला. "चोर तो चोर, पूरा पारा, पूरा मोहल्ला जाग जाएगा. कहीं बाहर जा रहे हो क्या?"

"आठ दिन नागपूर. साली की शादी है. घर में कोई नहीं रहेगा, इसीलिए तो ले रहा हूँ."

हे त्यांनी अभिमानानं, चांगलं खड्या आवाजात सांगितलं. काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या. एकानं तर तारीखही विचारली आणि नीलकंठरावांनी ती सांगितली.

रविवारी त्यांनी अलार्म बसवला. एका भोकाच्या जागी पाच भोकं पडली आणि मूठभर प्लास्टर त्यांच्या चहात पडलं, पण भोंगा वाजला! समोरच्या घरची म्हातारी माळ जपता जपता उठून उभी राहिली. नीलकंठराव इतके खूश झाले की त्यांनी अख्खी गल्ली बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं आणि बंद करायचा स्विच बैठकीतल्या कॅलेंडरमागं आहे हेही सगळ्यांना दाखवलं. वेळप्रसंगी कोणालाही बंद करता यावा, एवढाच त्यांचा उदार हेतू.

"सगळं झालं," मीरा म्हणाली. "पण आठ दिवस देवाजवळ दिवा कोण लावन?"

ही गोष्ट नीलकंठरावांच्या डोक्यातच आली नव्हती. देवतळ्यांचं देवघर सांजवेळी कधी अंधारात राहिलं नव्हतं. चोरी झाली त्या दिवसांतही शेजारच्या पद्मिनीदीदी येऊन दिवा लावून जात होत्या. आताही त्याच लावणार होत्या. म्हणजे दीदींना भोंगा शिकवणं आलं.

"सोपं है दीदी. अंदर आओ, कडी लगाओ, आधे मिनट में कॅलेंडर के पीछे स्विच दबाओ. बस."

"हव भैया," दीदी म्हणाल्या.

तालीम त्याच संध्याकाळी झाली. दीदींनी चपला बाहेर काढल्या, आत गेल्या आणि सांगितल्याप्रमाणे कडी लावली. मग हातपाय धुवायला न्हाणीघरात गेल्या. दिवा लावायचा तर हातपाय नकोत धुवायला? डोक्यावरून पदर घेऊन त्या देवघराकडे निघाल्या आणि भोंगा सुरू झाला.

"दीदी, स्विच! पहले स्विच!" नीलकंठराव बाहेरून दार बडवत ओरडले.

"पहले भगवान, भैया!" आतून उत्तर आलं.

दीदींनी वात लावली. भोंग्यात आरती ऐकू जाईना, म्हणून त्यांनी आवाज चढवला आणि घंटीही घेतली. हा सगळा गजर ऐकून गल्लीतल्या बायकांना वाटलं देवतळ्यांकडे मोठी पूजा आहे आणि आपल्याला बोलावणं राहूनच गेलं. त्या ओसरीवर जमल्या. टाळ्या सुरू झाल्या. नीलकंठराव दारावर मुठी आपटत होते, त्याही तालातच बसल्या.

आरती संपली, दीदींनी शांतपणे स्विच दाबला, कडी काढली आणि नीलकंठरावांच्या हातावर साखर ठेवली.

"दिया तो रोज लगा दूँगी भैया. पर ये भोंपू बंद करने को घर में कोई तो रहना."

बायका पांगल्या. मीरा म्हणाली, "मग तो भोंगा बंदच ठेवून जाऊ. कुलूप लावू अन् जाऊ."

नीलकंठराव पायरीवर बसले. भैय्यालालचं दुकान त्यांना आठवलं, तारीख विचारणारं ते गिऱ्हाईक आठवलं, ऑफिसात मारलेली बढाई आठवली. घर आठ दिवस रिकामं राहणार हे अर्ध्या रायपूरला माहीत होतं, आणि स्विच कुठं आहे ते अख्ख्या गल्लीला. चोरांना आता फक्त लग्नाची पत्रिका द्यायची राहिली होती.

"मीरा, माह्यानं नाही होत," ते म्हणाले. "कन्यादानाले तुमच्या काका-काकूले बसवा."

मीरानं आत जाऊन भरलेली बॅग उघडली, कन्यादानासाठी घेतलेलं त्यांचं रेशमी सोवळं काढलं आणि घडी न मोडता पलंगावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडीत बसली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नीलकंठराव आताशा आंघोळीला जातानाही बैठकीत अलार्म लावून जात. त्या संध्याकाळी आंघोळ करून त्यांनी ते सोवळं नेसलं, कुंकू लावलेल्या तांदळाच्या अक्षता मुठीत घेतल्या आणि बैठकीत येऊन नागपूरच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. तिकडे आता अंतरपाट धरला असेल. मग कन्यादानाला देवश्रीचा हात काकांच्या हातात असेल, आणि मीरा कुठंतरी मागं बायकांत उभी असेल.

"शुभमंगल सावधान," ते हळूच म्हणाले आणि अक्षता टाकल्या. त्या भिंतीवर आपटून कॅलेंडरखाली सांडल्या.

आणि भोंगा सुरू झाला.

भिंतीपलीकडून पद्मिनीदीदींनी विचारलं, "भैया, लगन लग गया क्या?"

"लग गया, दीदी."

नीलकंठरावांनी कॅलेंडरमागं हात घातला आणि तो तसाच थांबवला. वाजू दे थोडा वेळ, त्यांनी मनाशी म्हटलं. आपल्याकडून लग्नाला निदान वाजंत्री तरी होऊ दे.