नाप एकदाच

आमच्या शेजारचे उस्मानचाचा जव्हारचे नावाजलेले टेलर, पण माणसाचं माप आयुष्यात एकदाच घेतात! माझ्या पाचवीतल्या मापावर त्यांनी मला दहावीचा ड्रेस शिवला. तो कोपरातच अडकला, तर म्हणाले, "नाप बरोबर आहे. तू बिघडलीस."

चाचीचे कपडे तर लग्नातल्या मापावर. ती बिचारी गुपचूप बाजूची शिवण उसवून घालायची.

मग चाचीच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन दोन तऱ्हेनं होतं, पोट उघडून नाहीतर बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून. झालं! चाचा येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "आमच्या हिचं दुर्बिणीचं करू का उघडं?"

आता आमच्याकडे दुर्बिणीचं म्हणजे एकच ऑपरेशन, मुलं बंद करायचं. पोशेऱ्याहून ब्लाउज न्यायला आलेल्या मावशी हबकल्याच. चाची साठीची! "आजून रायलाच व्हता का, चाचा?" वर शिबिरात न्यायला जीप येते, हेही सांगून गेल्या. बातमी मोखाड्याच्या बाजारापर्यंत पोचली.

तरी चाचांचं ठरेना. त्यांनी चाचीच्या दोन उशांत एकेक बटण कोंबलं. एकीची शिवण उसवली, बटण काढलं, परत शिवली. दुसरीला बारीक भोक पाडून चिमट्यानं शोधत बसले. कापूस सगळा बाहेर, बटण आतच! चाची शांतपणे म्हणाली, "उशीचा जीव घेतलात, आता माझ्याकडे वळा."

हे सगळं ऐकून डॉक्टर हसले नाहीत. गाठ दोन्हीत तेवढीच काढायची, भोकांचं जमलं तर माणूस लवकर उठतं, पण हिची मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे, म्हणून मी उघडूनच करीन, म्हणाले. चाचांनी एवढंच विचारलं, शिवणार कोण? डॉक्टर म्हणाले, मीच. तर चाचांनी त्यांचा हात धरून बोटं तपासली, नव्या कारागिराची तपासावी तशी!

चाची घरी आली, पण निम्मी होऊन. ईदला चाचांनी तिला कुर्ता शिवला, त्याच लग्नातल्या मापावर. आणि तो बसला! कुठे ओढत नाही, काही नाही. मी ओरडलेच, "चाचा, तुमचा नाप बरोबर निघाला शेवटी!"

चाचा चाचीकडे बघत राहिले. मग कुर्ता काढून मागितला आणि ब्लेडनं स्वतःच बाजूची शिवण उसवायला बसले.

"नाप चुकलाय माझा," म्हणाले. "ढिला पाहिजे. भरेल ती."