क्रेनताईंचा विश्रांतीचा आठवडा

"माझं वेळापत्रक मीच दुरुस्त करणार! आणि असं करणार की सर बघतच राहतील!" क्रेनताईंनी घरात जाहीर केलं. ऐकून कुणी घाबरलं नाही. घाबरायला हवं होतं.

क्रेनताई हे व्यायामशाळेनं ठेवलेलं नाव. दिवसा या बाई दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायच्या. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, जरा इकडचा तिकडे झाला तर माणूस हसताना रडल्यासारखा दिसायचा, इतकं नाजूक काम! आणि संध्याकाळी त्याच हातांनी लोखंडी बार जमिनीवरून उचलायच्या. एकशे पंधरा किलोपर्यंत मजल गेली होती. हवे होते एकशे वीस. पण दोन वर्षं झाली, एकशे वीसचा बार गुडघ्यापर्यंत यायचा आणि रुसलेल्या जावयासारखा तिथंच अडून बसायचा.

रविवारी स्पर्धा होती. त्यासाठी ताईंनी बारा आठवड्यांचा तक्ता स्वतःच आखला होता. अकरा आठवडे संपल्यावर व्यायामशाळेतल्या सरांनी तो पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"ताई, यात विश्रांती कुठाय?"

"झोपते की रात्री!"

"शेवटचा आठवडा हलका ठेवा. नाहीतर एकशे वीस विसरा!"

ताईंना कुठलीच गोष्ट अर्धवट जमत नसे. घाम गाळायचा तर बादलीभर, आणि विश्रांती घ्यायची तर तीही कंबर कसून! घरी येऊन त्यांनी नवा कागद फ्रिजवर डकवला: 'जड काही उचलायचं नाही. दुपारी आडवं व्हायचं. दर तीन तासांनी खायचं. मनावर ताण नको. रविवार, मोठा दिवस!'

त्यांचे यजमान बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं करायचे. कागदावर लिहिलेलं पाळलंच पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी ताईंच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. "एक लिटर आहे. मी पाजतो!"

हे सगळं सासूबाई पाहत होत्या. सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. तीस वर्षं इतरांच्या बातम्या जोडून दिल्या, आता स्वतःजवळची एखादी बातमी जोडायला मिळावी म्हणून जीव टांगणीला लागलेला. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. तापानं फणफणली तरी व्यायाम न सोडणारी सून जड उचलायचं बंद करते? दुपारी लोळते? तीन-तीन तासांनी खाते? सासूबाईंचे डोळे भरून आले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही!

'रविवार, मोठा दिवस' म्हणजे सून रविवारी सांगणार, हेही त्यांच्या लक्षात आलं. तोवर अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं आणि लगेच लेकीला फोन लावला.

"कुणाला सांगू नकोस हं!"

लेकीनं खात्री करण्यासाठी भावाला गाठलं.

"दादा, खरं का रे?"

"कागदाचं कळलं वाटतं? हो, खरंय."

"किती झाले?"

"शनिवारी बारा आठवडे पूर्ण!"

"अगंबाई! वहिनी बरी आहे ना?"

"भूक सपाटून लागते. बाकी उत्तम."

झालं! शेंडा ना बुडखा, पण बातमी मात्र पक्की. बुधवारपर्यंत सगळ्या इमारतीत ती पोचली. जिन्यात भेटणाऱ्या बायका ताईंच्या हातातली पर्स काढून घेऊ लागल्या. तळमजल्यावरचा शिंपी, ज्यानं आयुष्यात कुणाला खुर्ची दिली नव्हती, तो स्वतः उठून म्हणाला, "बसा ताई, आता दोघांचा जीव आहे."

ताईंना वाटलं, हा आपल्याबद्दल आणि सरांबद्दल बोलतोय. बिचाऱ्या सरांचाही जीव टांगणीला लागलाच होता की! "हो ना," त्या म्हणाल्या, "त्यांचीच जास्त काळजी वाटते." शिंप्यानं डोळे पुसले.

सहा दिवस ताईंनी चमच्यापेक्षा जड काही उचललं नाही. अंग कसं हलकं, खांदे मोकळे! आपण फारच हुशार आहोत, अशी त्यांची खात्री पटली.

शनिवारी संध्याकाळी नणंदबाई टेम्पोतून एक लोखंडी कपाट घेऊन आल्या. "वहिनीला भेट! छोटे छोटे कप्पे आहेत, बघ," त्या भावाला म्हणाल्या. पदकं ठेवायला असेल, असं समजून यजमान गहिवरले. ते आणि नणंदेचे यजमान, दोघं कपाट घेऊन जिना चढू लागले. एकाला वेळापत्रकाची सवय, दुसरा बँकेत बसून काम करणारा. जिन्याच्या वळणावर कपाट तिरकं झालं, घसरलं आणि ताईंचे यजमान भिंत आणि कपाट यांच्यामध्ये पापडासारखे चेपले गेले!

"मेलो!"

ताई धावत बाहेर आल्या. क्षणभर फ्रिजवरचा कागद डोळ्यांसमोर उभा राहिला. दोन वर्षांची तपश्चर्या एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला! नवरा जिंकला, पण अगदी थोडक्यात. त्यांनी पाय रोवले, पाठ सरळ केली, कपाटाच्या तळाला हात घातला.

"अगं नको!" इमारतीतली समस्त बायकामंडळी किंचाळली. "ठेव खाली! बाळाचा तरी विचार कर!"

ताईंनी कपाट उचललं, बाजूला ठेवलं, नवरा सोडवला आणि मग विचारलं, "कुणाचं बाळ?"

हळूहळू उलगडा झाला. शिंपी गुपचूप दुकानात शिरला. नणंदबाई आईकडे, आई छताकडे पाहू लागल्या. ताईंना हसू फुटलं ते थांबेचना! सासूबाईंचं तोंड मात्र एवढंसं झालं. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या खुळेपणानं तुझा आठवडा वाया गेला गं. उद्या मी येते तुझ्याबरोबर." चौदा वर्षांत त्या पहिल्यांदाच सुनेच्या स्पर्धेला येणार होत्या. ताईंना फार बरं वाटलं.

रविवारी एकशे दहा उचलले. एकशे पंधराही उचलले. तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेला एकशे वीस! सर डोळे मिटून बसले. पहिल्या रांगेत सासूबाई पदराचं टोक चावत होत्या.

बार जमिनीवरून सुटला. गुडघ्याशी आला. थांबला. ताईंचा चेहरा बीटासारखा लाल झाला. आणि मग बार हलला! गुडघ्याच्या वर सरकला! मांडीवर आला! सरांनी डोळे उघडले. आता फक्त ताठ उभं राहायचं, की संपलं!

पण सासूबाईंना ते बघवेना. कुणाला काही कळायच्या आत त्या मंचावर चढल्या आणि त्यांनी बारच्या एका टोकाला दोन्ही हात लावले. "सोड इकडे थोडं! एकटीनं कशाला उचलतेस? घरात माणसं मेलीत का?"

ताई ताठ उभ्या राहिल्या. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि तीन पंचांचे तीन लाल दिवे लागले. बारला दुसऱ्याचा हात लागला की उचल बाद! नियम म्हणजे नियम.

सर मटकन खुर्चीत बसले. ताईंना दोन वर्षं आठवली, बारा आठवडे आठवले, चमच्यानं काढलेले सहा दिवस आठवले. तेवढ्यात सासूबाईंनी, धापा टाकत, त्या दिव्यांकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"तिन्हीच्या तिन्ही लागले गं! म्हणजे जिंकलीस ना?"

ताईंनी सरांकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या लाल झालेल्या तळहातांकडे पाहिलं.

"आपण जिंकलो, आई."

"वाटलंच मला!" सासूबाईंनी पदर खोचला. "पुढच्या वेळी दीडशे सांग त्यांना. मी तयारी करून येते!"