लवंगतेलाचे दोन थेंब

मालकांच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून झाले आणि डॉक्टर बोलायला लागले. दातांच्या डॉक्टरचं हे एक बरं असतं, समोरचा माणूस मध्येच तोडत नाही.

मालक म्हणजे दवाखान्याच्या गाळ्याचे मालक. गाळ्याचा करार महिनाअखेरीला संपत होता आणि एक मोबाइलवाला त्या जागेवर डोळा ठेवून बसला होता. मालकांची एक दाढ सारखी ठणकायची, तेवढाच काय तो डॉक्टरांना आधार. त्यात मालक नुकतेच जपान फिरून आलेले आणि तिथल्या साकेवर, म्हणजे तांदळाच्या दारूवर, लट्टू झालेले. त्यांना खूश करावं म्हणून डॉक्टरांनी दिलं ठोकून, "साके ना? अहो, आमच्याकडे कायम असते. मी स्वतः कॉकटेल बनवतो, काकडी घालून. अस्सल जपानी!"

मालकांनी बोळे थुंकले. "रविवारी संध्याकाळी येतो. कराराचे कागदही आणतो. मग बघू."

डॉक्टरांनी उभ्या जन्मात साके पाहिलीसुद्धा नव्हती.

"तुम्हाला साधा चहा धड जमत नाही!" बायको कडाडली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. "पेशंटच्या तोंडात बोळे घालता, तसा एखादा स्वतःच्याही घालत जा."

"अगं, जागा हातची जाईल!"

"म्हणूनच म्हणतेय."

रविवारी दुपारी डॉक्टर ओट्यापाशी उभे राहिले. साकेची बाटली कशीबशी मिळाली होती. मोबाइलमधला माणूस हसत हसत सांगत होता, काकडी ठेचा, आल्याचा रस घाला, लिंबू पिळा, साके ओता, बर्फ घालून हलवा. इथवर सगळं सुरळीत पार पडलं. मग तो म्हणाला, "शेवटी बिटर्सचे दोन थेंब." बिटर्स म्हणजे मसाल्यांचा कडू अर्क, आणि त्यात लवंगही असते, असं त्यानंच पुढे सांगितलं. डॉक्टरांचे डोळे चमकले.

"लवंगच ना? लवंगतेल तर खाली दवाखान्यात बाटलीभर पडलंय!"

"अहो, ते दाढेला लावायचं तेल आहे," बायको म्हणाली.

"शेवटी लवंग ती लवंगच."

डॉक्टरांनी दोन थेंब टाकले, चमचाभर चाखून पाहिलं. लवंग काही जाणवेना. आणखी दोन टाकले, पुन्हा चाखलं. आता तर आलंही जाणवेना. जीभ बधिर होत चालली आहे, हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर त्यांनी तत्काळ ओळखलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र चव लागेना म्हणून ते तेल वाढवत राहिले, आणि तेल वाढलं तशी उरलीसुरली चवही गेली.

बायकोनं उंच ग्लास पुसून ठेवले होते. डॉक्टरांनी हातानंच नको म्हटलं. जपानी लोक इवल्याशा पेल्यांतून पितात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. तसले पेले घरात नव्हते, पण दवाखान्यात होते. चूळ भरायचे, छोटे, पांढरे. ते धावत जाऊन घेऊन आले.

मालक आले, कागदांची पिशवी पायाशी ठेवून आरामखुर्चीत रेलले. डॉक्टर पुढे झाले. एका हातात पेला, दुसऱ्या हातात सवयीनं कागदी रुमाल. पेल्यातून लवंगेचा भपकारा आला आणि मालकांचे डोळे आपोआप मिटले. त्यांनी पेला तोंडाला लावला, या गालातून त्या गालात खळाखळा फिरवला, दवाखान्यात बेसिन असतं त्या बाजूला मान वळवली आणि पिचकारी टाकली. तिथे बायकोची लाडकी कुंडी होती.

बायकोनं कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी सवयीनं दुसरा पेला पुढे केला. मालकांनी तोही खळखळवला आणि थुंकला.

मग त्यांनी डोळे उघडले. समोर खुर्चीवरचा दिवा नव्हता, भिंतीवर कॅलेंडर होतं.

"डॉक्टर!" मालक उसळले. "घरी बोलावून मला चूळ भरायला लावता? चेष्टा करता का माझी?" आणि एकदम थबकले. त्यांनी गाल दाबून पाहिला, मग जरा जोरात दाबला. "अरेच्चा! दाढ ठणकत नाहीये!"

डॉक्टरांच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच.

"म्हणजे सुटलोच की मी!" मालक पिशवी उचलत म्हणाले. "खरं सांगू का वहिनी, या दाढेपायीच मी त्या मोबाइलवाल्याला थोपवून धरलं होतं. आता काय अडलंय?"

डॉक्टरांनी घाईघाईनं वाट अडवली. "माव्क... अवो माव्क..." जीभ हलायलाच तयार नव्हती.

"बरं वाटतंय ना? छान झालं," बायको शांतपणे म्हणाली. "फक्त तेलाचा असर उतरला, की दाढ दुप्पट ठणकते म्हणतात. हो ना हो?"

डॉक्टर होते बोलघेवडे, पण धंद्याच्या बाबतीत प्रामाणिक. दुप्पट वगैरे काही होत नाही, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. "व्वँ... व्वुप्पव..." एवढंच बाहेर आलं. ते जीव तोडून हात हलवू लागले, त्यांना दरदरून घाम फुटला.

मालक ते पाहून पांढरेफटक पडले. "बाप रे! डॉक्टरांना सांगवतसुद्धा नाहीये."

"तसे ते जवळ असले म्हणजे काळजी नसते," बायको म्हणाली. "पण आता बिचारे नवी जागा शोधत कुठे कुठे वणवण करतील, कोण जाणे. ऐन वेळी सापडले नाहीत तर..."

"वहिनी, पेन आहे का घरात?"

पाच वर्षांच्या करारावर सही करून मालक गाल धरूनच जिना उतरले.

जीभ ताळ्यावर आल्याबरोबर डॉक्टर ओरडले, "अगं, दुप्पट-बिप्पट काही ठणकत नाही! मी तेच तर सांगत होतो त्यांना!"

"माहीत आहे मला." बायकोनं कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं. "पुढच्या रविवारी आमच्या मुख्याध्यापिका जेवायला येणार आहेत. त्या यायच्या आधीच जिभेला तेल लावून बसा."